धाकूच्या नावापुढच्या रेघा

मुलुंड पूर्वेला चार मजल्यांची एक सोसायटी आहे. तिचं नाव इथे घेण्यात अर्थ नाही. नाव फार मंगल आहे, आणि तिथे जे झालं ते सांगताना असलं मंगल नाव तोंडात धरवत नाही. मालकीच्या ब्लॉकांत राहणारी माणसं, बहुतेक बँकेत, विम्यात, नाहीतर मंत्रालयात. दारावर पितळी पाट्या, आत शोकेस, शोकेसमध्ये काचेची बदकं. गॅलरीतून खाली कचरा भिरकावायची सवय मात्र चाळीत होती तीच इथे आणलेली.

त्या सोसायटीत धाकू घाडीगावकर कामाला होता. काम कसलं म्हणाल तर जे बिघडेल ते. पंप चालवायचा, टाक्या धुवायच्या, गटार तुंबलं की बांबू घालायचा, जिन्यातला दिवा गेला की बदलायचा, कुणाच्या नळाचा वायसर गेला की बसवून द्यायचा. गडी मूळचा कणकवलीकडचा. उमेदीची सगळी वर्षं गिरणीत स्पिनिंग खात्यात गेली. मग ब्याऐंशीचा संप आला, आणि गिरणीच्या दारात बसून बसून एक दिवस तो घरी परतला तो कायमचाच. मधल्या काळात त्याने भाजीची गाडी लावून पाहिली, लग्नाच्या मंडपात खुर्च्या उचलल्या. भांडुपच्या टेकडीवर त्याची खोली होती, तिथे बायको रुक्मिणी दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावायची. सोसायटीचं काम मिळालं तेव्हा दोघांनी देवापुढे नारळ फोडला होता.

धाकू कामात कुणी मोठा कारागीर होता असं नाही. कधी एखादी गोष्ट विसरायचा, कधी दुपारी पंपाच्या खोलीत डुलकी काढायचा. पण हाक मारली की असेल तिथून यायचा, आणि आला की काम करून जायचा. लोक गॅलरीतून ओरडायचे, तो खालून ‘आयलो, आयलो’ म्हणायचा, आणि तेवढ्यावर सगळं चाललं होतं.

त्याच्या जोडीला सखुबाई होती. ती जिने झाडायची, आवार झाडायची. भांडुपच्या खाडीकाठची कोळीण. खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं तशी मासळी आटली, डोक्यावरची पाटी गेली आणि हातात झाडू आला. तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हे. या दोघांची एक पद्धत बसून गेली होती. सकाळी महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत आलं की धाकू पंप सुरू करायचा, आणि वरची टाकी भरली की नाही ते बघायला सखुबाई गच्चीवर जायची. टाकी काठोकाठ आली की ती तिथला दगड उचलून खाली येणाऱ्या पाइपावर ठण ठण मारायची. आवाज पाइपातून थेट खालपर्यंत यायचा, धाकू पंप बंद करायचा. बदल्यात जिने धुवायच्या दिवशी धाकू तिच्या बादल्या भरून वर चढवून द्यायचा. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा ते इतके दिवस नीट चाललं.

पंच्याऐंशी साली धाकूच्या डोक्यात एकच गोष्ट होती, गणपतीची पाळी. घाडीगावकरांचा गणपती मूळ घरात एकच, आणि भाऊ पाळीपाळीने तो करायचे. ज्याची पाळी असेल त्याने मूर्ती आणायची, पूजेला बसायचं, घरच्यांच्या वतीने देवाशी बोलायचं. धाकूची मागची पाळी नेमकी संपात आली. गावी जायलाही हातात काही नव्हतं, म्हणून ती थोरल्या भावाने, काशीरामने, करून टाकली. आता पुन्हा धाकूची पाळी होती. काशीरामने निरोप धाडला होता की यंदाही चुकवलीस तर पुढे तुझं नाव पाळीतून काढू, चुलतभाऊ तयारच बसलेत. आता पावसाळ्यात सोसायटी धाकूला कधी रजा देत नसे, कारण गटारं कोण बघणार? गणपती मात्र दरवर्षी भर पावसाळ्यातच यायचा. त्या वर्षी रजा मिळाली नाही तर वडिलांच्या घरात आपण पाहुणे होणार, हे धाकूला स्वच्छ दिसत होतं. रात्री त्याला नीट झोप लागत नव्हती.

आणि नेमकं त्याच वर्षी विद्याधर राजाध्यक्ष सोसायटीचे चेअरमन झाले.

राजाध्यक्ष एका औषधाच्या कंपनीत माणसं सांभाळायच्या खात्यात साहेब होते. निवृत्त व्हायच्या आधी कंपनीने त्यांना खंडाळ्याला कसल्याशा प्रशिक्षणाला धाडलं होतं. तिथून ते जे शिकून आले ते कंपनीत वापरायला मिळालं नाही, म्हणून सोसायटीवर उतरलं. पहिल्याच सभेत त्यांनी सांगितलं की आपल्याकडच्या कामगारांना उद्दिष्टच नाही. ज्या कामाला मोजमाप नाही ते झालं की नाही हे कळणार कसं? सभासदांनी माना डोलावल्या. यातले निम्मे लोक स्वतःच्या ऑफिसात मस्टरवर सही करून चहाला जाणारे, पण दुसऱ्याच्या कामाचं मोजमाप म्हटल्यावर त्यांना भारी उत्साह आला.

दारातल्या भिंतीवर सोसायटीचा एक काळा फळा होता. कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे दुःखद निधन, पाणी उद्या येणार नाही, असं त्यावर लिहिलं जायचं. राजाध्यक्षांनी तो पुसून घेतला आणि त्यावर दोन नावं काढली. वर धाकू, खाली सखुबाई. नियम सोपा होता. गुढीपाडव्यापासून मे संपेपर्यंत ज्याच्याबद्दल तक्रार येईल त्याच्या नावापुढे एक रेघ. शेवटी ज्याच्या रेघा कमी त्याची मागणी मान्य, ज्याच्या जास्त त्याला ठेवायचं की नाही याचा विचार. एकाने दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, म्हणजे कुणाचं काय ते स्पष्ट होतं. खडू राजाध्यक्षांच्या खिशात राहणार.

“धाकू, तुझी मागणी काय, बोल,” त्यांनी विचारलं.

“साहेब, गणपतीला रजा पाहिजे. यंदा आमची पाळी आहे.”

“मिळेल. मिळवून दाखव.” असं म्हणून ते हसले. मग सखुबाईकडे वळले. तिला इतकी वर्षं रोजंदारीवर ठेवलं होतं, तिने कायम करून घ्यायचं मागितलं. “उत्तम,” राजाध्यक्ष म्हणाले, आणि दोन उपाशी माणसांसमोर एक भाकरी टाकून ते जेवायला वर गेले.

पहिला आठवडा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग लोकांना त्या फळ्याची चटक लागली. पूर्वी नळ गळला की धाकूला हाक मारायचे. आता नळ गळला की आधी राजाध्यक्षांच्या दारात जायचे, रेघ ओढून घ्यायची, मग धाकूला बोलवायचं. संध्याकाळी ऑफिसातून येताना माणसं फळ्यापाशी थांबू लागली. कुणाच्या रेघा जास्त, कुणाच्या कमी, यावर जिन्यात गप्पा चालायच्या. जणू क्रिकेटची धावसंख्याच. दोन माणसांच्या पोटाचा प्रश्न यांची करमणूक झाला, आणि त्याची कुणाला लाजही वाटली नाही.

आणखी घाणेरडं पुढेच होतं. हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की फळा आपल्या हातात आहे. चौथ्या मजल्यावरच्या मृणालिनी दाबके यांच्या लक्षात ते सर्वांत आधी आलं. त्या भिशी मंडळाच्या पुढारी, बोलणं नेहमी लाडिक. एक दिवस त्या जिन्यात धाकूला म्हणाल्या, “काय रे धाकू, या आठवड्यात तुझं नाव कोरंच आहे वाटतं? छान छान.” आणि लगेच, “माझं दळण तेवढं गिरणीतून आणून दे ना.” धमकी वगैरे काही नाही. फक्त दळणाचा डबा पुढे केला आणि नजर एकदा खाली दाराकडे टाकली. धाकूने डबा घेतला.

एकदा घेतल्यावर मग काय. कुणाचं रेशन, कुणाचे पंखे पुसायचे, कुणाच्या सासूला हात धरून दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या ओट्याखालची झुरळं मारायची. एकाने तर त्याच्याकडून न्हाणीघराच्या मोरीतली केसांची गुंतवळ काढून घेतली. स्वतःच्या घरातल्या बायकांचे केस हाताने उचलायची त्याला किळस येत होती. धाकूला गटाराची कधी किळस वाटली नव्हती, पण त्या दिवशी ती गुंतवळ त्याने हात लांब धरून, तोंड फिरवून टाकली. बाहेर येऊन त्याने नळाखाली हात घासघासून धुतला आणि मनात त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तोंडातून मात्र एवढंच आलं, “झाला साहेब, आणखी काय?”

सखुबाईची वेगळीच गंमत झाली. राजाध्यक्षांनी तिला गच्चीवर चढताना पाहिलं आणि विचारलं, तू वर काय करतेस? तुझं उद्दिष्ट जिने. पंप धाकूचा. वर जाण्यात तिचा वेळ जायचा, तेवढ्यात ऑफिसला निघालेल्या साहेबलोकांना पायरीवर धूळ दिसायची, की रेघ. धाकूला हे कळत होतं. तरी त्याने तिला पंपाच्या खोलीमागे गाठलं.

“सखुबाय, तू वर जात जा गो. नायतर टाकी वाहील नि माझी वाट लागेल.”

“जाईन रं मी,” सखुबाई म्हणाली. “तुजी टाकी व्हावली तर तुना रेघ, माजा जिना राहिला तर मना रेघ. त्या म्हाताऱ्याचं काय जातंय, खडूच ना?”

“तुझ्या रेघा वाढतात ना पण.”

“वाढूंदे. तुजा गणपती घरा येवंदे आदी.”

ती खरंच वर जात राहिली. साहेब दिसले की जिन्यात थांबायची, ते गेले की पटकन वर चढायची. तिच्या नावापुढे रेघा चढत गेल्या त्यातल्या कितीतरी धाकूच्या टाकीपायी होत्या. धाकू रोज येताजाता फळ्याकडे बघायचा. आपल्या रेघा तिच्यापेक्षा कमी आहेत हे बघून त्याला बरं वाटायचं, आणि बरं वाटलं याची पुढच्याच क्षणी लाज वाटायची. पुढे पुढे लाज वाटायची थांबली.

मग मे महिना आला. मे महिना म्हणजे वाळवणाचा. गच्चीवर चादरी, चादरींवर प्लॅस्टिक, त्यावर साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे, कुरडया. प्रत्येक घराची आपापली जागा आणि जागेवरून भांडणं. त्या दिवशी तर बहुतेक सगळ्याच घरांनी गच्ची व्यापली होती, पाणी जायच्या भोकावरसुद्धा कुणीतरी चादर पसरून तिच्या कोपऱ्यावर पाट ठेवला होता. मृणालिनीबाईंचा पहिला घाणा घालून झाला होता, आणि दुसऱ्या घाण्याचा गव्हाचा चीक शेगडीवर रटरटत असताना त्यांचं सिलिंडर संपलं.

धाकूने तेव्हा नुकताच पंप सुरू केला होता. वरून हाक आली.

“धाकू! लवकर ये. सिलिंडर संपलंय, चीक अर्धाच शिजलाय. खालच्या मजल्यावर आमच्या भाऊजींकडे दुसरं आहे ते वर आण.”

“वहिनी, पंप चालू केलाय. टाकी भरली की आणतो.”

“पंप कुठे पळून जातोय? चीक गेला तर काय तुझी टाकी खाऊ आम्ही?” मग आवाज एकदम मऊ करून त्या म्हणाल्या, “मी संध्याकाळी राजाध्यक्षांकडे जाणारच आहे. तुझ्याबद्दल चांगलंच सांगावं म्हणते.”

धाकूने खांद्यावर सिलिंडर घेतलं आणि चौथ्या मजल्यावर चढवलं. तिथे रेग्युलेटर बसेना. तो वाकून खटपट करत होता तेव्हा आवाज आला, ठण ठण ठण. पाणी खाली आणणारा पाइप मृणालिनीबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागूनच होता. भांडी थरथरतील असा आवाज. धाकू उठला.

“वहिनी, टाकी भरली. मी जाऊन येतो.”

“अरे, आधी शेगडी पेटवून दे! चीक बसतोय बघ तळाला.”

ठण ठण ठण. थांबून पुन्हा. मग घाईघाईने, एकामागोमाग. धाकू उभा होता, मृणालिनीबाई उभ्या होत्या, दोघांनाही ऐकू येत होतं. आणि धाकू पुन्हा खाली वाकला. का वाकला, हे त्याने नंतर स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं. घाबरला, दुसरं काय! बाईच्या एका शब्दाला घाबरून हा बाप्या तिथे गुडघ्यावर बसून राहिला. शेगडी पेटली तोवर पाइप वाजायचा थांबला होता.

तो धावत खाली गेला आणि पंप बंद केला. तोवर वरून बायकांचा आरडाओरडा सुरू झालाच होता. टाकी वाहून पाणी गच्चीवर पसरलं होतं. जायचं भोक बुजलेलं, त्यामुळे पाणी तिथेच तुंबलं आणि पापड्या, कुरडया सगळ्याचा लगदा झाला. सखुबाई पाइप वाजवून थकली होती. खाली जाऊन पंप बंद करायची तिला बंदी, एकमेकांच्या कामाला हात लावायचा नाही हा नियम. मग तिने जे सुचलं ते केलं. पाण्यात शिरून हातांना येतील तेवढ्या चादरी ओढल्या आणि पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर कोरड्या जागी नेऊन ठेवल्या. तिच्यामुळे निम्म्या घरांचं निम्मं वाळवण वाचलं होतं.

वाचलं म्हणजे काय, तर कोरडं राहिलं. बायका वर आल्या, त्यांनी पाहिलं की कुरडया कोरड्या आहेत, आणि मग पाहिलं की त्या सखुबाईने हलवल्यात. “अगं बाई, हिने हात लावला का सगळ्याला?” एकजण म्हणाली. जिन्यात झाडू मारणारे हात. मासळीचे हात. कुणी मोठ्याने बोललं नाही, पण जिने वाचवलं तिच्याकडे बघून सगळ्यांनी नाकाला पदर लावला. हाताने केलेलं, सोऱ्यातून काढलेलं, वर्षभर पुरायचं अन्न त्या बायकांनी एका कोपऱ्यात ढिगाने टाकलं. भिजलेल्याच्या शेजारी कोरडं. त्यातल्याच एकीच्या घरात दारावर लिहिलेलं होतं, अतिथी देवो भव.

संध्याकाळी फळ्यापाशी सगळे जमले. राजाध्यक्ष खडू घेऊन आले. ते अशा प्रसंगाचीच वाट बघत होते. चौकशी कशी करतात हेही ते खंडाळ्याला शिकून आले होते.

“सखुबाई, टाकी भरल्याचं तू कळवलंस का?”

“वाजवला ना पाइप! केवरा वाजवला. हात बघा माजा.” तिने तळहात पुढे केला. सोलला होता, रक्त सुकलं होतं.

“तुझं काम जिने झाडणं. तू वर मुळात गेलीसच का? बरं, ते राहू दे. गेलीस म्हणजे कळवायची जबाबदारी तुझी.” राजाध्यक्ष धाकूकडे वळले. “धाकू, तू आवाज ऐकलास?”

धाकूच्या समोर सगळं उभं राहिलं. ऐकलं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार, मग पंप बंद का केला नाहीस, कुठे होतास? सोसायटीच्या वेळेत खाजगी काम. सगळ्या घरांच्या रेघा त्याच्या नावावर, रजा गेली, पाळी गेली. त्याने मृणालिनीबाईंकडे पाहिलं. त्या हातातल्या बांगड्या सरळ करत होत्या. त्याने बाकीच्यांकडे पाहिलं. पाइप सगळ्यांच्या स्वयंपाकघरामागून गेलेला, आवाज त्या इमारतीत सगळ्यांनी ऐकला होता. एक म्हातारे गृहस्थ “मला वाटतं...” एवढं म्हणाले, आणि सूनबाईने त्यांचा सदरा मागून ओढला, तसे गप्प झाले. चांगल्या घरची, शिकलेली, देवाधर्माची माणसं, आणि सगळ्यांनी तोंडात गुळणी धरलेली.

“नाय साहेब,” धाकू म्हणाला. “पाइप वाजलाच नाय.”

“धाकू,” सखुबाई म्हणाली, “माज्याकडं बघून बोल रं.”

धाकू फळ्याकडे बघत राहिला.

“बघतोस कुठं? माज्याकडं बघ.”

“नाय वाजला,” धाकू पुन्हा म्हणाला.

राजाध्यक्षांनी सखुबाईच्या नावापुढे एका घराची एक अशा रेघा ओढायला सुरुवात केली. त्या फळ्याच्या चौकटीपर्यंत गेल्या, मग खालच्या ओळीत आल्या. हात लावून बाटवलेल्या वाळवणाच्या रेघाही तिच्याच. सखुबाई शेवटपर्यंत थांबली नाही. तिने झाडू भिंतीला उभा करून ठेवला, पदराने हात पुसला आणि फाटकाबाहेर गेली. “उद्दिष्ट ठेवलं की माणूस कळतो,” राजाध्यक्ष समाधानाने म्हणाले. धाकूची रजा त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केली आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

धाकू घरी निघाला तेव्हा मृणालिनीबाईंनी त्याला जिन्यात थांबवलं. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. “कोरड्या कुरडया आहेत. आमच्यात आता चालायच्या नाहीत रे. तुमच्याकडे चालतात ना?” आणि मग हळूच, “बरं झालं तू काही बोलला नाहीस.” ती पिशवी त्या बाईच्या तोंडावर मारावी असं धाकूला वाटलं. त्याने ती घेतली.

रुक्मिणी खूश झाली. रजा मिळाली, वर कुरडयाही आल्या. तिने लगेच कढई ठेवली, थोड्या तळल्या, ताटलीत घालून धाकूपुढे ठेवल्या. “खावा ना. काय झाला? अशे गप कित्याक?” धाकूने एक तुकडा उचलला आणि परत ताटलीत ठेवला. मग त्याने सगळं सांगितलं. बायकोला खोटं सांगायला त्याला कधी जमलं नव्हतं. रुक्मिणी ऐकत होती. तिने स्टोव्ह विझवला.

“आणि ह्या तुमी घरात हाडलात?” ती म्हणाली.

तिने ताटली उचलली, पिशवी उचलली आणि टेकडीवरच्या कचऱ्याच्या ढिगावर सगळं टाकून आली. त्यानंतर ती त्या विषयावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती, शिव्या दिल्या असत्या, तर धाकूला सोसलं असतं. ती गप्प राहून त्याला वाढायची, गप्प राहून साड्यांना फॉल लावायची. आज साहेबांना जाऊन खरं सांगतो, असं धाकू रोज सकाळी ठरवायचा. उद्या सांगतो, असं रोज संध्याकाळी ठरवायचा. एकदा सखुबाईकडे जायला निघाला. भांडुपच्या रेल्वे फाटकापर्यंत जाऊन, गाडी जाईपर्यंत थांबून, फाटक उघडल्यावर मागे फिरला. सोसायटीत नवी झाडूवाली आली. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं की गच्ची माझ्या कामात येत नाही. धाकू आता पंप लावून स्वतः चार मजले चढायचा आणि धापा टाकत परत उतरायचा. फळा पुसून राजाध्यक्षांनी पुढच्या तीन महिन्यांसाठी नवी उद्दिष्टं काढली होती. दाबकेबाई त्याला ‘आमचा धाकू’ म्हणू लागल्या होत्या, आणि दळणाचा डबा दर आठवड्याला पुढे येतच होता.

गणपतीला धाकू आणि रुक्मिणी गावी गेले. काशीरामने मनापासून स्वागत केलं. घराला चुना काढलेला, गणपतीच्या डोक्यावरची माटवी सजलेली, तिला रानातली कवंडाळाची फळं टांगलेली. धाकूने मूर्ती डोक्यावरून आणली, सोवळं नेसून पूजेला बसला. चुलतभाऊ बाजूला उभे होते, तरण्या पोरांनी समया लावल्या होत्या. ज्याच्यासाठी एवढं केलं ते सगळं त्याच्यासमोर होतं, आणि धाकूला खरंच वाटलं की झालं गेलं ते मुंबईत राहिलं.

आरती झाल्यावर गाऱ्हाणं. तिकडे देवापुढे घरचा माणूस मोठ्याने बोलतो, देवाला सगळ्यांच्या वतीने सांगतो, मागतो, आणि प्रत्येक मागण्याला उभे असलेले पुरुष होकार देतात. शब्द ठरलेले. वडील म्हणायचे, त्यांचे वडील म्हणायचे, धाकूने लहानपणापासून ऐकलेले, त्याला आठवावे लागत नव्हते. त्याने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या घाडीगावकरांच्या घरात जी काय सेवा केलेली आसा, ती गोड मानून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांनी एका आवाजात म्हटलं.

“ह्या घराची लेकरां पोटासाठी मुंबैक गेलेली आसत, तेंची राखण कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

त्याचा आवाज चांगला लागला होता. काशीराम शेजारी ओठ हलवत सगळे शब्द मनात म्हणत होता. पुढचं वाक्य कुठलं, हे धाकूच्या तोंडात येईपर्यंत त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आलं तेव्हा त्याने काशीरामकडे पाहिलं. सोडून द्यावं, पुढचं म्हणावं, पण काशीरामला पाठ, सगळ्यांना पाठ. सगळे वाट बघत होते. समईची ज्योत हलत होती.

“आणि म्हाराजा,” धाकू म्हणाला, “जो कोण खोटा बोलान दुसऱ्याच्या पोटार पाय देयत, तेच्या कर्माचा फळ तेका दाखव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

गाऱ्हाण्याला होकार पुरुषांनी द्यायचा, बायका मागे हात जोडून उभ्या राहतात. तो गडगडाट ओसरला तसा मागून एका बाईचा आवाज आला, स्वच्छ, ठाम, सगळ्यांच्या नंतर एकटाच. रुक्मिणीचा.

“व्हय म्हाराजा.”

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. धाकूने वळून पाहिलं नाही. उरलेलं गाऱ्हाणं त्याला पुरं करायचं होतं.